नागपूरहून जर्मनीला येताय? जिओकॅशिंगची तयारी घरूनच करून या

जर्मनीत शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे तीन महिने राहायला येणाऱ्या नागपूरकरांना आम्ही एक स्वस्तातला छंद नेहमी सुचवतो: जिओकॅशिंग. कुणीतरी जंगलात, पुलाखाली किंवा बाकड्याच्या पोटाशी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉम या वेबसाइटवर टाकतं. बाकीचे ती हुडकतात, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहितात आणि डबी होती तिथेच ठेवतात. १ मे २००० च्या रात्री अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभर मीटरपर्यंत फसवणारं यंत्र एकदम झाडापर्यंत नेऊ लागलं. ३ मे रोजी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिली बादली ठेवली. आज जर्मनीत या डब्यांची इतकी दाटी आहे की बहुतेक गावांच्या पायवाटांवर त्या सापडतात.

येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "यंत्र कोणतं घेऊ?" यंत्राचं नंतर बघू. डबी हुकते ती बहुतेक वेळा घरी, टेबलावर बसून आकडे आणि फाइल भरताना. म्हणून ते आधी.

आकडे कसे वाचायचे

जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. बर्डीजवळच्या झिरो माईलच्या खांबाचं उदाहरण घ्या: उत्तर २१° ०८.९९०, पूर्व ०७९° ०४.८४०. इथे ०८.९९० ही मिनिटं आहेत. दशांश अंशांत हाच आकडा मिळवायचा तर मिनिटांना ६० ने भागायचं: २१.१४९८३ आणि ७९.०८०६७. घाईत कुणी मूळ आकडे सरळ २१.०८९९० आणि ७९.०४८४० असे टाईप केले, तर बाण झिरो माईल सोडून सोनेगाव विमानतळापाशी नेतो. चूक सुमारे साडेसात किलोमीटरची, आणि नकाशावर सगळं व्यवस्थित दिसत असतं, म्हणून ती लक्षातही येत नाही.

दुसरी चूक याहून फसवी. ०८.४५० म्हणजे ८ मिनिटं २७ सेकंद. कुणी ते ८ मिनिटं ४५ सेकंद समजतं आणि साडेपाचशे मीटर उत्तरेला झाडंझुडपं उपसत बसतं. यंत्रात एकदाच जाऊन जागेचा प्रकार "अंश, दशांश मिनिटं" आणि डेटम (पृथ्वीच्या ज्या नमुन्यावर आकडे बेतलेले असतात तो) डब्ल्यूजीएस ८४ असा ठरवून टाका. जुने भारतीय टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचे नकाशे, एव्हरेस्ट डेटमवर आहेत. त्यांवरून उचललेले आकडे तसेच जुळत नाहीत.

शेवटच्या आकड्याची किंमतही माहीत असावी. अक्षांशात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जवळपास १.८५ मीटर, नागपूर असो की फ्रँकफर्ट. रेखांशात मात्र ध्रुवाकडे जाल तसं अंतर आक्रसतं: नागपुरात १.७३ मीटर, फ्रँकफर्टला १.१९. कोड्याच्या डबीत (जिची खरी जागा कोडं सोडवूनच मिळते) रेखांशाचा शेवटचा एखादा आकडा चुकला तर इथे फार बिघडत नाही, अक्षांशाचा चुकला तर जरा जास्त पायपीट.

पान वाचल्याशिवाय निघू नका

प्रत्येक डबीच्या पानावर दोन गुण असतात, शोधायला किती कठीण आणि पोचायला किती कठीण. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. पोचण्याचा गुण ५ असेल तर होडी, दोर किंवा तसलंच खास सामान लागतं. आईबाबांना घेऊन तिथे जाऊ नये. आकारही बघा. सूक्ष्म म्हणजे १०० मिलिलिटरहून कमी, जुनी फिल्मची डबी वगैरे. लहान १ लिटरपर्यंत, मध्यम २० लिटरपर्यंत, पुढे मोठी. नवख्या माणसाने मध्यम आकाराची आणि १.५ च्या आतबाहेरचे गुण असलेली डबी निवडावी. नखाएवढ्या चुंबकी डबीने सुरुवात केली की उत्साह पहिल्याच दिवशी संपतो.

मग शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. त्या सगळ्या "सापडली नाही" म्हणत असतील तर डबी बहुधा गेलेली आहे. डबी कुठे आहे याचा इशारा सांकेतिक लिपीत असतो, पण ती पोरखेळाची आहे: इंग्रजी वर्णमालेतली पहिली तेरा अक्षरं पुढच्या तेरांशी अदलाबदल केलेली. वेबसाइट आणि अ‍ॅप एका टिचकीत ती उलगडतात.

कॉम्प्युटरवरची कामं

एक-दोन डब्यांसाठी अ‍ॅप पुरेसं. शनिवारी दिवसभराचा बेत असेल तर फाइल बनवा. पैसे भरलेल्या सदस्यांना पॉकेट क्वेरी नावाची सोय मिळते: एखाद्या जागेभोवतीच्या, हव्या त्या प्रकारच्या आणि गुणांच्या जास्तीत जास्त १००० डब्या एका जीपीएक्स फाइलीत (जीपीएस यंत्रांना वाचता येणारी फाइल) येतात. ही फाइल झिपमध्ये बांधलेली असते आणि झिपमध्ये दोन फाइली निघतात. पहिलीत डब्या. दुसरीत, जिच्या नावाच्या शेवटी डब्ल्यूपीटीएस असतं, गाडी लावायची जागा, पायवाटेची सुरुवात असे जोडबिंदू. लोक दुसरी फाइल फालतू समजून फेकतात आणि मग जंगलाच्या चुकीच्या बाजूला गाडी लावून दोन किलोमीटर चिखल तुडवतात.

विंडोजवर जीसॅक हे सॉफ्टवेअर या कामात सगळ्यात दणकट आहे. दिसायला जुनाट, पण मागे खरा डेटाबेस असल्याने हजारो डब्या चाळता येतात. तीन कामांसाठी तरी ते शिकावं. एक, चाळणी: "मला न सापडलेल्या, गेल्या महिन्यात कुणाला तरी सापडलेल्या, ठरलेल्या वाटेच्या आसपासच्या" अशा अटी एकत्र लावता येतात. दोन, कोडी सोडवल्यावर मिळालेले खरे आकडे "दुरुस्त केलेली जागा" म्हणून साठवणं. हे न केल्यास यंत्र तुम्हाला कोड्याच्या पानावरच्या दिखाऊ जागी नेतं, जिथे काहीच नसतं. तीन, नेमक्या हव्या तेवढ्याच डब्या यंत्रात पाठवणं. जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीचं बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नकाशावर नजर टाकायला ते बरं, डब्या सांभाळायला नाही.

अँड्रॉइड फोनवर सी:जिओ हे फुकट आणि मुक्त स्रोताचं अ‍ॅप वापरा. घरच्या वायफायवर डब्या यादीत साठवा आणि ऑफलाइन नकाशाही उतरवून घ्या. जर्मन जंगलात नेटवर्क नसणं अगदी नेहमीचं आहे.

हातातलं यंत्र: घ्यायचं का?

पहिले काही महिने फोन पुरे, हे आमचं ठाम मत. वेगळं यंत्र घ्यायची कारणं तीन: थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन ऐकत नाही, आणि दगडावर पडला की फोन महागात पडतो. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स किंवा ३२एक्स दोन डबल-ए सेलवर चालतं, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २५ तास. ३२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे, २२एक्समध्ये नाही. हा फरक डबीजवळ पोचल्यावर जाणवतो. होकायंत्र नसलेलं यंत्र दिशा तुमच्या चालीवरून काढतं. थांबलात की बाण भरकटतो. नागपूरच्या मे महिन्यातही वेगळ्या यंत्राचा फायदा आहे: त्याचा पडदा भर उन्हात जास्त स्पष्ट दिसतो, तर फोन तापून आधी मंद होतो, मग बंद पडतो.

फाइल भरणं सोपं आहे. यंत्र यूएसबीने जोडा, ते पेनड्राइव्हसारखं उघडतं. झिप सोडवा आणि दोन्ही फाइली गार्मिन फोल्डरच्या आतल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाका. "सुरक्षित काढा" म्हणूनच केबल उपटा, नाहीतर फाइल अर्धवट राहते. डब्या दिसत नसतील तर क्रमाने तपासा: झिप तशीच टाकली का, फोल्डर चुकलं का, यंत्रातली चाळणी जुनी लागलेली आहे का. डब्या साध्या खुणांच्या यादीत दिसल्या आणि वर्णन गायब असेल, तर फाइल बनवताना डबीची जादा माहिती गळली आहे. फाइल नव्याने बनवा. वर्णनातली चित्रं यंत्रात नीट येतील या भरवशावर राहू नका, चित्राच्या कोड्याची प्रत फोनमध्ये ठेवा.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदला. "रस्त्याला चिकटव" बंद करा, नाहीतर तुम्ही झाडीत असताना यंत्र तुम्हाला शेजारच्या डांबरी रस्त्यावर दाखवतं. मार्ग "थेट" ठेवा. सेलचा प्रकार खरा तोच निवडा: रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे; चुकीचा प्रकार निवडला तर बॅटरीची पट्टी खोटं बोलते. उणे तापमानात लिथियमचे डबल-ए सगळ्यात टिकतात.

नागपूरहून यंत्र घेऊन आलात तर पहिल्यांदा इथे चालू करताना उघड्यावर शांत उभे राहा. प्रत्येक उपग्रहाची नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी प्रसारित होते, पण सगळ्या उपग्रहांची मोटामोटी यादी पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. हजारो किलोमीटर सरकलेल्या यंत्राकडची जुनी माहिती कामाची नसते. त्यातला नकाशाही दुसऱ्या भागाचा असेल. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला जर्मनीचा फुकट नकाशा मेमरी कार्डवर टाका.

शेवटचे दहा मीटर

मोकळ्या आकाशाखाली यंत्राची चूक ३ ते ५ मीटर. लपवणाऱ्याच्या यंत्राचीही तेवढीच. म्हणजे आठ-दहा मीटरचं वर्तुळ तुमचं. दाट झाडीत, दरीत किंवा उंच इमारतींमध्ये सिग्नल आपटून येतो आणि वर्तुळ वाढतं. बर्डीत, मेट्रोच्या खांबांखाली हे करून बघा. तोच फोन फुटाळ्याच्या काठावर किती स्थिर राहतो तेही बघा. सेमिनरी हिल्सच्या झाडीत एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये मिळणारा फरक पानांचा, आणि जास्त ओल्या पानांचा.

तीस मीटरवरून एका लयीत चालत या आणि बाण कुठे रोखतो ते लक्षात ठेवा. मग काटकोनातल्या दुसऱ्या दिशेने तसंच करा. दोन रेषा छेदतात तिथे यंत्र खिशात घाला आणि डोळे वापरा. निसर्ग काड्या समांतर रचत नाही. पोकळ बुंधा, पाटीची मागची बाजू, लोखंडी कठड्याचा आतला भाग, जरा जास्तच गोंडस दगड. होकायंत्र सेल बदलल्यावर दर वेळी जुळवा, गाडीपासून आणि लोखंडापासून लांब उभं राहून.

"इथून अमुक अंशांवर ५०० मीटर" अशा डब्यांत उत्तर दिशा कोणती धरायची हे महत्त्वाचं. जर्मनीत चुंबकी आणि खऱ्या उत्तरेत सुमारे ३ ते ५ अंशांचा फरक आहे. ४ अंश चुकले की ५०० मीटरवर ३५ मीटर बाजूला. अशा गणिताला शक्यतो घरी सॉफ्टवेअरवरच बसवा, खरी उत्तर धरून.

सोबत पेन्सिल, चिमटा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. नखाएवढ्या डबीतला कागद बोटांनी निघत नाही. वसंतापासून शरदापर्यंत गवतात गोचीड असतात आणि इथल्या काही भागांत ते मेंदूज्वर पसरवतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघा.

नोंदी यंत्रातून मसुदा म्हणून वेबसाइटवर चढवता येतात. यंत्र वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, लिहितं. उन्हाळ्यात नागपुरात पहाटे ५ ला सापडलेल्या डबीची वेळ त्या हिशेबाने आदल्या रात्रीची ११.३० होते, तेव्हा तारीख बघूनच प्रसिद्ध करा.

नागपुरात परत गेल्यावर

भारतात डब्या विरळ आहेत, म्हणून सुट्टीत आलेल्या मुलाला वाटतं, एक आपणच लपवून जाऊ. ते मंजूर होत नाही: डबीची देखभाल करणारा माणूस जवळ हवा, आधीच्या डबीपासून १६१ मीटर अंतर हवं, जागेच्या मालकाची परवानगी हवी. शिवाय गर्दीच्या ठिकाणी लपवलेला डबा आपल्याकडे बेवारस वस्तू ठरतो आणि पोलीस येतात. सीताबर्डीच्या किल्ल्यासारखी लष्करी जागा तर सोडूनच द्या. जागा टिपायची असेल तर यंत्रातली अनेक मोजमापांची सरासरी काढणारी सोय वापरा. गार्मिन ४ ते ८ नमुने, प्रत्येकात निदान ९० मिनिटांचं अंतर ठेवून घ्यायला सांगतं.

डबीशिवायचा मार्ग म्हणजे अर्थकॅश: जागेवरच्या भूगर्भाचं निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. नागपूर त्यासाठी झकास आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक.

आणि यंत्र सोबत आणताना एक बघाच. गार्मिनच्या ज्या हँडहेल्डच्या आकड्यामागे आय आहे, जसं ६६आय, त्यात उपग्रहावरून संदेश पाठवणारं इनरीच असतं. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र भारतात आणणं बेकायदा आहे. विमानतळावर प्रवाशांना त्यापायी ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. साधं ईट्रेक्स फक्त सिग्नल ऐकतं, उपग्रहाकडे काही पाठवत नाही. नागपूरच्या फेरीत तेच बॅगेत ठेवा, आयवालं इथेच राहू द्या.