चौदा नंबरची खाट

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी मेडिसिन वॉर्डातल्या चौदा नंबरच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. हातात घड्याळ आणि रेघा मारलेला कागद. आमच्या ऑपरेशन्स रिसर्चच्या, म्हणजे कामाच्या व्यवस्थेचा गणिताने अभ्यास करणाऱ्या, गटाला रुग्णालयाने विचारलं होतं की, कॅज्युअल्टीत रोज दुपारी रुग्ण स्ट्रेचरवर ताटकळतात, तर आणखी किती खाटा लागतील? सगळी आकडेवारी माझ्याकडे होती. पण खाट ‘भरलेली’ आहे, एवढंच त्यातून कळायचं. भरलेल्या खाटेवर नेमकं काय चाललंय, ते कळत नव्हतं. म्हणून ठरवलं, आज या एका खाटेवरून नजर हलवायची नाही.

खाटेवर एक आजी होत्या, न्यूमोनियातून उठलेल्या. ‘उद्या घरी’ असं डॉक्टर आदल्या संध्याकाळीच म्हणाले होते. साडेसातला त्यांनी स्वतःचे कपडे घातले, वेणी घातली, चष्म्याची डबी पिशवीत टाकली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. “निघायचं ना बाळा आता?” त्यांनी मला विचारलं. मला काय बोलावं ते सुचेना.

नऊला राउंड सुरू झाला, तो एक नंबरच्या खाटेपासून. चौदापर्यंत यायला सव्वादहा वाजले. डॉक्टरांनी छाती तपासली, “जाऊ द्या” म्हणाले आणि पुढे गेले. निवासी डॉक्टरही त्यांच्याबरोबर गेली. राउंडनंतर तिच्यामागे तातडीच्या तपासण्या, एक कॅथेटर, एका नव्या रुग्णाची फाइल. समरी, म्हणजे घरी जाणाऱ्याच्या उपचारांचा सारांश, लिहायला ती बसली तेव्हा पावणेएक झाला होता, आणि दिवसभराच्या सगळ्या समऱ्या तिने एका बैठकीत उरकल्या. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

समरी झाली की फाइल औषधांसाठी फार्मसीत जाते. माझा सहकारी खाली तिथे बसला होता. त्याच्या कागदावर बारापर्यंत खिडकी जवळजवळ मोकळी दिसते. दीडनंतर सगळ्या वॉर्डांच्या फाइली एकदम येऊन थडकल्या. फार्मसीची माणसं मुळीच संथ नव्हती. पण काम थोडंथोडं न येता गठ्ठ्याने आलं, की तीच माणसं त्याच वेगाने करत असली तरी रांग लागते. रांगांच्या गणितातली ही अगदी सुरुवातीची गोष्ट, आणि मी ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. आजी त्या रांगेत असताना ती वेगळीच कळली.

दोनला कॅज्युअल्टीतून फोन आला. सिस्टर म्हणाल्या, “नाही हो, वॉर्ड फुल्ल आहे.” आणि माझ्यासमोर आजी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या.

त्या निघाल्या सव्वाचारला. डॉक्टरांनी ‘जाऊ द्या’ म्हटल्यावर बरोबर सहा तासांनी. मावशींनी पावणेपाचपर्यंत गादी पुसून चादर घातली. मात्र खाट रिकामी झाल्याचं कॅज्युअल्टीला कळलं साडेपाचला. थोड्या वेळाने धाप लागलेले एक गृहस्थ वर आले. दुपारी बारापासून ते स्ट्रेचरवर होते. मागून त्यांची पत्नी आली, त्यांचे बूट हातात धरून.

ती पाऊण तासाची मोकळी जागा मला कागदावर खुपत होती. संध्याकाळी सिस्टरना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. “मॅडम, खाट झाली म्हणून सांगितलं की पेशंट लगेच वर येतो. नवा पेशंट म्हणजे तासभराचं काम. आम्ही दोघी, पेशंट तीस, आणि पाचची इंजेक्शनं डोक्यावर. मी कधी घेऊ सांगा.” माझ्या मॉडेलमध्ये खाटा मोजल्या होत्या, त्या सांभाळणारे हात मोजलेच नव्हते. ही चूक माझी होती, आणि ती मोठी होती.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं एक सूत्र आहे: दररोज येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा मुक्काम, म्हणजे एका वेळी आत असलेली माणसं. या वॉर्डात दिवसाला साधारण १० जण येतात आणि सरासरी ३ दिवस राहतात. खाटा ३०, सगळ्या भरलेल्या. प्रत्येकाचे सहा तास, म्हणजे पाव दिवस वाचला, तर एकही खाट न घेता अडीच खाटा मोकळ्या होतात.

बैठकीत खाटा ९५ टक्के भरलेल्या असतात, हे अभिमानाने सांगितलं गेलं. मला ते ऐकवेना. रुग्ण सांगून येत नाहीत, त्यामुळे थोडी जागा मोकळी राहायलाच हवी. १९९९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी संगणकावर केलेल्या अभ्यासात, खाटा सरासरी ८५ टक्क्यांवर भरल्या की धोका दिसू लागतो आणि ९० टक्के किंवा त्याहून अधिक भरल्या की टंचाई नेहमीचीच होते, असं आढळलं होतं. मी तेच मांडलं, पण लोक गप्प झाले ते आजींचा कागद दाखवल्यावर.

बदल साधे होते. राउंड घरी जाणाऱ्यांपासून सुरू करायचा. समरी आदल्या संध्याकाळी लिहून ठेवायची, सकाळी फक्त शेवटच्या दोन ओळी. आणि दुपारी नव्या रुग्णांसाठी एक जादा सिस्टर. यावरच सर्वांत जास्त वाद झाला, कारण त्याला पैसे लागतात. मी हटले नाही. त्याशिवाय बाकीचे बदल म्हणजे त्या दोघींच्या डोक्यावर आणखी ओझं होतं.

काही आठवड्यांनी अकराच्या सुमारास वॉर्डात गेले. चौदा नंबरची गादी मावशी पुसत होत्या. सिस्टर फोनवर बोलत होत्या, “चौदा देते, पण वीस मिनिटांनी पाठवा. आधी सहा नंबरचं सलाइन बदलून होऊ दे.”