आमची वाटचाल : आधी सम्प, मग टाकी

घरात समुद्री मासे आणि प्रवाळांच्या काचेच्या टाक्या उभ्या करायचं आमचं काम औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका काचेच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झालं. पहिले भागीदार म्हणजे आमचे चाचा. 12 मिमीची काच एका रेघेत कापावी तर चाचांनीच. रेघेवरून हिरकणी दुसऱ्यांदा फिरवली की काठाचे टवके उडतात आणि पुढे तिथूनच तडा जातो, हे आमच्याकडे नव्या कारागिराला पहिल्या दिवशी सांगितलं जातं. सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं घ्यायचं. बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीरोधक सिलिकॉन नाही, कारण त्यातलं औषध पाण्यात उतरतं. चिकटवल्यावर आठवडाभर टाकीत पाणी नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

मधली वर्षं बरी गेली. लिहिण्यासारखं आहे ते 2016 च्या उन्हाळ्याचं, आणि त्यानंतर जालन्यात आमच्या नावाला जो बट्टा लावला गेला त्याचं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा दिवसांत खाऱ्या पाण्याच्या टाकीचं नाव काढायची सोय नव्हती, आणि लोकांचं काही चुकत नव्हतं. घरी समुद्राचं पाणी करायला शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं, आरओ-डीआय यंत्रानं गाळलेलं पाणी लागतं. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यावर एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर बाहेर जातं. म्हणजे 600 लिटर भरायला 2400 लिटर. ऑर्डरी थांबल्या, भाडं थकलं, चाचांनी खिडक्यांच्या काचा बसवून दुकान तगवलं. एकटे जालन्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "टाक्या मोडायच्या नाहीत. पाणी आणि वीज वाचवून दाखवा." त्यांच्याकडे दोन रीफ (जिवंत प्रवाळांच्या) टाक्या होत्या, दोघींचे फिल्टर वेगळे. त्या एका सम्पवर, म्हणजे टाक्यांखालच्या एकाच गाळणीच्या पेटीवर, आणायचं ठरलं. आरओचं सोडपाणी ड्रममध्ये धरून फरशी आणि संडासाकडे वळवलं. आमचा आजचा सगळा धंदा त्या जोडणीतून उभा राहिला.

तिचा हिशेब इथे सविस्तर देतो, कारण मराठवाड्यात वीज जाणारच हे धरून तो मांडलेला आहे. मोठी टाकी 120×60×60 सेंमी, धाकटी 90×45×45. वीज गेली की पंप थांबतो आणि ओव्हरफ्लोच्या कंगव्यापर्यंतचं (पाणी खाली सोडणाऱ्या दातेरी काठापर्यंतचं) पाणी खाली येतं. पातळी 3 सेंमी उतरली तर मोठीतून 21.6 लिटर, धाकटीतून 12 लिटर, वर पाइपांतलं पाच-सहा लिटर. एकूण 40 धरा. सम्प 100×45 असेल तर 40 लिटरनं पाणी 9 सेंमी चढतं. 45 सेंमी उंच सम्पमध्ये चालू पातळी 25 ठेवली की निर्धास्त. सम्पमधलं पाणी टाकीत चढवणाऱ्या परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली दोन सेंमीपेक्षा खोल नको, नाहीतर पंप थांबल्यावर तेच सायफन होऊन, म्हणजे पाणी उलटं खाली ओढून, टाकी उपसतं. तिथे नॉन-रिटर्न (पाणी उलटं जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह लावून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. त्या व्हॉल्व्हच्या झडपेवर चुनखडी बसते आणि नेमक्या वेळी तो मिटत नाही. त्यावर हिशेब सोडू नका.

प्रत्येक टाकीला तीन निचरा पाइप द्या : एक पूर्ण भरून वाहणारा, त्याला गेट व्हॉल्व्ह, दुसरा जेमतेम पाझरणारा, तिसरा कोरडा, आणीबाणीचा. बॉल व्हॉल्व्हनं हा प्रवाह बारीक जुळत नाही. दोन्ही टाक्यांचे निचरे सम्पपर्यंत स्वतंत्र आणा. सगळं काम यूपीव्हीसीत, पितळेचं काहीही नको. पितळेतलं तांबं शंख, कोळंबी आणि प्रवाळ मारतं. पंप तासाला 6000 लिटरचा घेतला तरी दोन मीटर उंचीवर निम्मं पाणी मिळेल असं धरा. 600 लिटरच्या व्यवस्थेला तेवढं पुरतं.

आता जालन्याचं. डॉक्टरसाहेबांनी नवं घर बांधलं. सजावटकारानं मोठ्या शहरातली एक कंपनी आणली. त्यांनी आमची जोडणी तोडली, जागा वाचावी म्हणून दोन्ही टाक्यांचे निचरे टी लावून एकाच पाइपात घेतले आणि आणीबाणीचे पाइप काढून टाकले. धाकट्या टाकीच्या निचऱ्याच्या तोंडाशी एक गोगलगाय अडकली. पंप दोन्हीकडे पाणी चढवत राहिला, मोठीतलं खाली येत राहिलं, धाकटीतलं येईना. सम्पमधला पंपाचा कप्पा रिकामा होऊ लागला. तिथल्या सेन्सरला वाटलं बाष्पीभवन झालं, म्हणून ऑटो टॉप-अपनं, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या पंपानं, त्याच्या वेगळ्या ड्रममधलं गोडं पाणी ओतायला सुरुवात केली. खारं पाणी दिवाणखान्यात, गोडं पाणी टाकीत. क्षारता हजारी 35 वरून इतकी घसरली की प्रवाळ पांढरा पडला. आणि त्या कंपनीनं सांगितलं काय, तर गावठी कारागिरानं जोडलेली टाकी गळली.

चाचांनी बोटानं टाक्यांचा एकेक सांधा तपासला. सगळे सांधे कोरडे, आजही कोरडेच आहेत. डॉक्टरसाहेबांना ते पटलं, पण बाजारात गेलेला शब्द परत येत नाही. पुढे कितीतरी दिवस लोक आम्हाला "गळक्या टाकीवाले" म्हणत होते. त्याचा राग अजून आहे, आणि तो लपवायचं कारण नाही.

सामाईक व्यवस्थेत तुंबलेलं पाणी एकाच टाकीत साठतं हे त्या कंपनीनं मोजलंच नव्हतं. पंपाचा कप्पा 15×45 आणि पाणी 25 सेंमी असेल तर त्यात 17 लिटर असतं. धाकट्या टाकीत 17 लिटरनं पातळी 4.2 सेंमी चढते. म्हणून तिचा काठ पाण्यापासून 5 सेंमी वर पाहिजे. टॉप-अपला वेळेची मर्यादा पाहिजे, आणि ड्रम लहान पाहिजे, दोन दिवसांपुरता. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा लावला तर टाकी छान थंड राहते, चिलरची गरज क्वचित लागते, पण मोठी टाकी दिवसाला आठ-दहा लिटर सहज पिते. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच पंखा निम्मंही काम करत नाही, तेव्हा थर्मामीटरकडे बघत जा.

स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण कपात काढणारं यंत्र, अशा कप्प्यात ठेवा जिथे पातळी बदलत नाही. वीज आल्यावर तो पंपानंतर दहा मिनिटांनी सुरू व्हावा, त्यासाठी टाइमर रिले (ठरल्या वेळानं वीज जोडणारा स्विच) लावा. नाहीतर भरलेल्या सम्पमध्ये तो कपातली घाण उलटी ओततो. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग याबद्दल आम्ही कोणाशी घासाघीस करत नाही.

सामाईक पाण्याची खरी किंमत आजारात कळते. एका माशाला पांढरे ठिपके आले म्हणजे दोन्ही टाक्यांना आले. रीफमध्ये तांब्याचं औषध चालत नाही. सगळे मासे वेगळ्या टाकीत काढून रीफ अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. म्हणून नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत, आणि त्या टाकीचं पाणी, जाळी, नळी, काहीही सम्पशी जोडायचं नाही. समुद्रातून काढलेला दगड आणि प्रवाळ आम्ही ठेवत नाही. प्रवाळ आणि समुद्री घोड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा कागदपत्रांशिवाय कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

जोडणी झाली की मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर चालवा आणि मेन स्विच पाडा. पाणी थांबलं तिथे सम्पवर मार्करनं रेघ मारा. मग एकेक निचरा हातानं बंद करून धाकटीचा काठ बघा. आमचा माणूस हे तुमच्या डोळ्यांसमोर करतो आणि मगच बिल देतो. विचारायला येताना आवडलेल्या टाकीचा फोटो नंतर दाखवा. आधी बोअरच्या पाण्याचा टीडीएस, इन्व्हर्टरची क्षमता आणि टाकीखालची जमीन कसली आहे ते सांगा. भरलेली मोठी टाकी स्टँडसकट सहाशे किलोच्या घरात जाते, माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर ती आम्ही बसवत नाही.