तब्येत सुधारली

मंगळवार. म्हणजे तारखेनं बुधवार लागलाय, पण झोप झाल्याशिवाय वार बदलला असं मला वाटत नाही. रात्रीचे २.२०.

संध्याकाळी आमराईतून फिरून येताना खालच्या वहिनी जिन्यात भेटल्या. हातात दुधाची पिशवी. थांबल्या, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, तब्येत सुधारली हो तुमची! माहेरी जाऊन आलात की काय?"

मी हसले. "हो ना," एवढंच म्हटलं. वर आले, चपला काढल्या आणि दिवा न लावताच बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिले. मग लावला दिवा. गाल आहेत खरे. हनुवटीची कड कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो, ते आता अंदाजानंच ठरवायचं.

माहेर कुठलं आता. दादा गेल्यापासून त्या घराला कुलूप आहे. असो.

वहिनींचा राग आला असंही नाही, बाई प्रेमळ आहे. पण संध्याकाळपासून ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं टोचतंय. तब्येत सुधारली. याच जिन्यात श्रावणात मी कठड्याला धरून एकेक पायरी मोजत होते, तेव्हा कुणी म्हणालं नाही की तब्येत बिघडली. म्हणणार कसं? सकाळी सहाला मी लाकडाचा ओंडका असायचे. कुशीवर वळायचं तर आधी ह्यांना हाक. पलंगाच्या कडेवर बसून दहा मिनिटं नुसती मांड्यांना विनवणी. खांदे तर कुणी रात्रीतून सिमेंट ओतून ठेवल्यासारखे. आणि अकरा वाजले की हळूहळू सगळं सैल. दुपारी भेटणाऱ्याला मी ठणठणीत दिसायचे. अनूसुद्धा फोनवर म्हणाली होती, "आई, तू फार मनाला लावून घेतेस." तिला नंतर वाईट वाटलं. मला अजून वाटतं.

हात वर जायचे नाहीत म्हणून दोन महिने वेणी ह्यांनी घातली. त्याबद्दल आज नको.

तिघांनी तीन नावं दिली. एकानं फ्रोझन शोल्डर म्हटलं. दोन्ही खांदे आणि दोन्ही मांड्या एकदम कशा फ्रोझन होतील, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दुसऱ्यानं व्हिटॅमिन डी. तिसऱ्यानं फाईल उघडायच्या आधी वय विचारलं आणि ६८ ऐकल्यावर फाईल उघडलीच नाही. शेजारपाजारचं एकमत हळदीच्या दुधावर. सांगलीत राहून हळदीला नाही म्हणायची सोय नाही. दोन किलो तरी पोटात गेली असेल.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र एकच प्रश्न तीनदा विचारला: सकाळी किती वेळ? तासभर? जास्त? मग रक्त तपासलं. अंगातली सूज सांगणारे दोन आकडे असतात, त्यातला ईएसआर ९२, सीआरपीही वाढलेलं, संधिवाताचा फॅक्टर निगेटिव्ह. गोळ्या सुरू करण्याआधी छातीचा फोटो आणि साखर. मग त्यांनी ते नाव उच्चारलं. पॉलिमायाल्जिया रुमॅटिका. ह्यांना वाटलं, बाई बागेतल्या एखाद्या झाडाबद्दल बोलतायत. नाव स्नायूंचं असलं तरी सूज खरी सांध्यांच्या अस्तरात आणि भोवतालच्या पिशव्यांत असते, असं त्यांनी कागदावर खांदा काढून दाखवलं. पन्नाशीच्या आत सहसा होत नाही, बायकांना जास्त. का होतो, तर माहीत नाही. हे 'माहीत नाही' त्यांनी सरळ सांगितलं, म्हणून माझा विश्वास बसला.

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, १५ मिलिग्रॅम, नाश्त्यानंतर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बसले, बाथरूमला जाऊन आले, गॅसवर चहा ठेवला आणि मग लक्षात आलं की मी कुणाला हाक मारली नाही. वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढून पाहिली. परत ठेवली. परत काढली. त्या दिवशी मी सगळ्या फळ्या पुसल्या, ह्यांच्या शर्टांची बटणं लावली, दुपारी माळ्यावर चढणार होते तर ह्यांनी स्टूलच लपवलं. अनूच्या मुलानं नंतर वाचून सांगितलं की १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन, म्हणजे याच जातीचं औषध, दिलं, तर ती काही दिवसांत चालायला लागली आणि थेट बाजारहाट करायला गेली. त्या डॉक्टरांना १९५० साली नोबेल मिळालं. मला नोबेलचं काही वाटलं नाही. ती बाजारात गेली, हे मात्र मला पूर्ण कळलं.

मग आता रडायचं कशाला?

तेच समजत नाहीये. फळ्या पुसणारी ती बाई कोण होती? मी की गोळी? महिनाभर मला भूक लागते ती माझी नाही, रात्री दोनला टक्क डोळे उघडतात ते माझे नाहीत, परवा गॅसवाल्यावर ओरडले तो आवाज माझा नव्हता. (तो थोडा होता.) मग जो हात वर जातो, तो तरी माझा कशावरून? वहिनी म्हणतात सुधारली. सुधारली ती तब्येत उसनी आहे हो. वाटीभर साखर आणावी तशी आणलेली, आणि परत करायची तारीख ठरलेली.

तारीख म्हणजे काय, हप्तेच. पंधरा तीन आठवडे, साडेबारा तीन आठवडे. तेव्हा पाचाची गोळी सुरीनं अर्धी करताना रोज एक तुकडा ओट्याखाली जायचा आणि सकाळी सकाळी आम्ही दोघं टॉर्च घेऊन ओणवे. मी ओणवी होऊ शकत होते ते त्याच गोळीमुळे, हाही एक विनोदच. शनिवारपासून दहा. तिथून पुढे महिन्याला एकेक मिलिग्रॅम कमी, तेही सगळं सुरळीत गेलं तर. वर्ष, दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त. मध्येच मनानं बंद करायची नाही, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, त्याला आठवायला वेळ द्यावा लागतो. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला तेव्हा ह्यांनी पेढे आणले होते. याचे आणतील तेव्हा साखर किती असेल कोण जाणे.

शनिवारपासून एक सवय लागलीये. जाग आली की डोळे उघडायच्या आधी डावा हात वर करून बघायचा. मच्छरदाणीला लागला की पास. आज लागला, पण मध्ये कुठेतरी थोडं अडल्यासारखं वाटलं. परत केला, नाही अडला. परत केला, अडला. ह्यांनी विचारलं, "कुणाला हात करतेयस?" मी म्हटलं, डास. आणि संध्याकाळी नेमकं वहिनींनी ते म्हणावं.

पण एक आहे, वहिनी भाषेच्या हिशोबानं बरोबरच आहेत. आपल्याकडे तब्येत म्हणजे अंग. धाकट्या नणंदेला साखरेनं पोखरलं तेव्हा सगळ्या म्हणत होत्या, काय छान बारीक झालीस, काय करतेस गं? इथे बरं असणं आणि बरं दिसणं यांची गाठच पडत नाही, मग एका दुधाच्या पिशवीवाल्या बाईवर मी का रागवावं? शिवाय तो नातू म्हणाला, १८८८ साली या दुखण्याचं पहिलं वर्णन केलं ब्रूस नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरनं आणि त्याला नाव दिलं 'म्हातारपणचा संधिवाती गाऊट'. आत्ताचं नाव १९५७ चं. म्हणजे एक सत्तर वर्षं आधी असते, तर फाईलवर चक्क 'म्हातारी' असं लिहिलं असतं. त्यापेक्षा झाडाचं नाव बरं.

आणि उसनं म्हणावं तर काय काय उसनं नाही? चष्मा आहे. दोन दाढा आहेत, त्या तर मिरजेच्याच. उसन्या दाढांनी खाल्लेलं मी कधी परक्याचं मानलं नाही.

ते लिहिता लिहिता डबा उघडलाच. भडंग. दुपारची जेवणानंतरची साखर २०८ आलीये, बाईंनी सांगितलंय की या गोळीनं दुपारचीच चढते, तेव्हा ताटात भात कमी. रात्री दोनच्या भडंगाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत कारण मी विचारलं नाही. मूठभरच घेतलं. मूठही जरा गुबगुबीत झालीये हे खरं.

चावताना जबड्याकडे लक्ष ठेवायचं, हेही लिहून दिलंय त्यांनी. चावताना जबडा दुखला, कानशिलं ठणकली, फणी लावताना डोकं हुळहुळलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच पावली यायचं. डोळ्याचा प्रश्न असतो. म्हणून मी भडंग खाते आणि प्रत्येक शेंगदाण्याला जबड्याला विचारते. नाही दुखत. अजून एक. नाही. डब्याचा तळ दिसेपर्यंत तपासणी चाललेली.

कुरकुर आवाजानं हे उठलेत. दारात उभे, एका हातात चष्मा. मला वाटलं साखरेवरून बोलणार.

"कांदा चिरू का?" म्हणतायत.