मागचा आवाज

रविवार, रात्रीचे साडेअकरा

घटस्थापना तोंडावर आली म्हणून आज माळा उतरवला. पितळेची भांडी, फुटका कंदील, बाबांची गिरणीत डबा न्यायची पिशवी आणि सगळ्याच्या तळाशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सात कॅसेट. सहांवरची अक्षरं उडून गेलीत. सातवीवर निळ्या शाईत माझंच शाळकरी अक्षर आहे: ‘गीतमाला आणि रामायण. कुणी पुसू नये.’ वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडेही तोडलेले. ते तोडले की रेकॉर्डचं बटण खाली जात नाही. म्हणजे तेव्हाच पक्का बंदोबस्त करून ठेवला होता मी.

टेपरेकॉर्डर चालू स्थितीत आहे. आईला तिची भजनं ऐकायची होती म्हणून गेल्याच महिन्यात नवा बेल्ट टाकून आणला. पण कॅसेट घातली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा. पाच बारीक स्क्रू काढून उघडून बघितली. फीत जिथे हेडला टेकते तिथे पितळी पत्तीवर नखाएवढी फेल्टची गादी असते, ती गळून पडली होती. दुसऱ्या एका कॅसेटमधली काढून चिकटवली. हात थरथरत होते, चष्मा लावूनसुद्धा. मग प्ले दाबलं.

आधी खरखर. मग गाणं नाहीच. खटक-खट, खटक-खट, खटक-खट. त्याच्या मागे कुठेतरी लांबून गीतमालेचे निवेदक अमीन सायानी.

आम्ही तेव्हा सोलापुरात साखर पेठेत राहायचो. भिंतीला भिंत लागून तेलुगू पद्मशाली कुटुंब, त्यांच्या पुढच्या खोलीत चार माग. आमचा रेडिओ मर्फीचा आणि मामाने आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर वेगळा. दोन्ही जोडायची वायर आमच्याकडे नव्हती. त्यामुळे बुधवारी रात्री आठला रेडिओसमोर स्टूल ठेवायचं, स्टुलावर टेपरेकॉर्डर, आणि रेकॉर्ड व प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची. खोलीत जे जे वाजेल ते ते कॅसेटवर उतरायचं. आईने फोडणी द्यायची नाही, धाकटीने खोकायचं नाही, असा माझा हुकूम. मागांना मात्र कोण हुकूम देणार! रात्रपाळी लागलेली असायची.

बिनाका गीतमालेची तोवर सिबाका झाली होती, पण आमच्या घरात ती बिनाकाच राहिली. 1952 पासूनचा तो कार्यक्रम, म्हणजे आई परकर-पोलक्यात असल्यापासूनचा. सिलोनचं स्टेशन शॉर्टवेव्हवर लाटेसारखं वर यायचं, खाली जायचं. नेमकं वरच्या पायदानाचं गाणं लागलं की आवाज बुडायचा, आणि मी नि शेजारचा माझा दोस्त रेडिओला कान लावून बसायचो. कुठलं गाणं कितव्या पायदानावर याची वही त्याच्याकडे. आकडे मराठीत, गाण्यांची नावं तेलुगू अक्षरात.

त्याचं तेलुगू मी ‘चांदोबा’मुळे शिकलो. आमच्याकडे मराठी ‘चांदोबा’ यायचा, त्यांच्याकडे तेलुगू ‘चंदामामा’. चित्रं तीच. खांद्यावर प्रेत घेतलेला तोच विक्रमादित्य, तेच स्मशान, तीच वाकडी झाडं. दोन्ही अंक फरशीवर शेजारी शेजारी ठेवून आम्ही पालथे पडायचो आणि मी त्याच्या गोलगोल अक्षरांतून राजा कुठला, वेताळ कुठला ते हुडकायचो. मूळ मासिक तेलुगूतलं, 1947 सालचं, आणि मराठी अंक नंतर निघाला, हे मला फार उशिरा कळलं. दोस्ताला ते आधीपासून ठाऊक असणार, पण त्याने कधी मिरवलं नाही.

सिनेमाचंही तसंच. भागवतच्या आवारात एकाला लागून एक टॉकीज. एकीकडे हिंदी हाउसफुल्ल झालं की दुसरीकडे जायचं. आणि पूर्व भागात तेलुगू सिनेमा लागला की दोस्त मला ओढून न्यायचा. ‘‘चल बे, कळायची काय गरज हाय?’’ खरंच नव्हती. चिरंजीवीचा नाच बघून आलो की गल्लीत रात्री खांबाखाली आम्ही सगळे तो नाच बसवायचो. ऐंशीचं दशक म्हटलं की लोकांना मुंबई आठवते, डिस्कोचे कपडे आठवतात. मला तो पिवळा बल्ब, विड्या वळणाऱ्या बायका आणि तीन भाषांतली गाणी आठवतात. आमचं दशक सोलापूरचं होतं, कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं.

कॅसेटची दुसरी बाजू लावली. रामायण. 25 जानेवारी 1987 ला ते सुरू झालं. दर रविवारी सकाळी साडेनऊ. टीव्ही त्यांच्याकडेच. दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं. दोस्ताच्या आईला आम्ही अक्का म्हणायचो. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. नजर पडद्यावर आणि बोटं आपोआप विडी वळतायत. हजार विड्यांचा हिशोब रामासाठी थांबत नव्हता. पण माग थांबायचे. चारही. आमच्या गल्लीत माग थांबणं म्हणजे एक तर वीज गेली किंवा कुणीतरी गेलं. त्या वर्षी तिसरं कारण आलं.

या बाजूला खटखट नाही. संवाद आहेत, कुणाचं तरी तान्हं रडतंय, सायकलची घंटी. आणि मध्येच, अगदी माइकजवळ, अक्काचा आवाज. ‘‘इक्कड रा.’’ बहुतेक मलाच बोलावतेय, खिडकीतून आत, तिच्याजवळ बसायला. मी जागचा हललो नाही आज. अक्काला जाऊन बारा वर्षं झाली.

भाग संपतो, शेवटची नावं चालू होतात, चपला शोधायची गडबड ऐकू येते. मग एक माग सुरू होतो. थोड्या वेळाने दुसरा. तिसरा. चौथा सुरू व्हायच्या आत फीत संपते.

मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, ‘‘बाबा, ही मोबाइलवर घेऊन देतो. मागचा आवाज काढून टाकता येतो, गाणी एकदम क्लीन होतील.’’ मी त्याला म्हटलं, अरे, तो मागचा नाही, मागाचा आवाज आहे. गाणी काय, कुठेही मिळतात. हा आवाज दुसऱ्या कुठल्या कॅसेटवर नाही. ते चारही माग भंगारात वजनावर गेले. त्या जागी आता तीन मजले आणि खाली मोबाइलचं दुकान आहे. घ्यायचंच तर सगळं घे, आहे तसं.

दोस्त भिवंडीत असतो. 2024 च्या फेब्रुवारीत अमीन सायानी गेले तेव्हा त्याचाच पहिला फोन आला होता. आज मी लावला. काही बोललो नाही, मोबाइल स्पीकरजवळ धरला. गीतमालेची बाजू. पलीकडे तो अर्धा मिनिट गप्प.

‘‘दोन नंबरचा माग,’’ तो म्हणाला. ‘‘धोट्याला ठोका देणारं त्याचं पिकर सैल होतं बे. ऐक, दर खेपेला एक ठोका उशिरा पडतोय. आमचे नाना शिव्या घालायचे त्याला.’’

मी परत ऐकलं. पडत होता. इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून अभ्यास केला, मला कधी कळला नव्हता.

मग त्याला सांगितलं की दुसऱ्या बाजूला अक्का आहे.

तो काहीच बोलला नाही. मी रिवाइंडच्या बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. फीत जुनी, झटक्याने तुटली तर? कॅसेट बाहेर काढली, दप्तरातून मुलाची पेन्सिल घेतली, भोकात घातली आणि हळूहळू मागे फिरवायला लागलो. फोन चालूच होता.