जेटवर ११० लिहिलंय म्हणून तो ११० असतोच असं नाही

सेकंडहँड कार्ब्युरेटर घेताय तर आधी मेन जेटचं (फुल रेसला पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं) भोक तपासा, बाकी सगळं नंतर.

माझ्या यामाहा आरएक्स १०० बाईकचा २० एमएमचा मिकुनी कार्ब्युरेटर काढून बेंगळुरूहून मागवलेला जुना केहिन पीई २८ बसवला. रबर मॅनिफोल्ड बदलला, काम झालं. मेन जेट ११०, सुईची (ही मधल्या रेसचं पेट्रोल ठरवते) क्लिप मधल्या खाचेत. इथे गोव्यात, फोंड्यात फिरायला झकास, पण फर्मागुडीच्या चढावर फुल रेस दिली की बरबर बरबर, ओढच नाही, प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला, म्हणजे रिच, पेट्रोल जास्त.

इथून तीन आठवडे गेले. मेस्त (मेकॅनिक) म्हणाला सुई खाली घे, घेतली (क्लिप वर सरकवली की सुई खाली जाते, हे मी आधी उलटंच केलं होतं). मग फ्लोटची उंची, मग नवा प्लग, मग एअर स्क्रू (हा आयडलिंगचा). आता एअर स्क्रूचा फुल रेसशी काय संबंध, पण वैतागलेला माणूस हाताला येईल ते फिरवतो. मेन जेटवर कुणाचा संशयच नाही, कारण त्यावर ११० कोरलंय, आणि बेंगळुरू ९०० मीटरवर, तिथली हवा विरळ, तिथलं जेटिंग इथे समुद्राकाठी लीन (पेट्रोल कमी) पडायला हवं, रिच कसं होईल!

शेवटी चिडून नवा ओरिजिनल ११० आणला आणि दोन्ही जेट उजेडाकडे धरले. जुन्याचं भोक सरळ मोठं दिसत होतं. केहिनचा ११० म्हणजे साधारण १.१ एमएमचं भोक, आणि या जुन्यातून १.३ च्या ड्रिल बिटाची मागची गुळगुळीत बाजू आरामात आरपार गेली. कुणीतरी घरीच भोक पाडून ठेवलं होतं! विकणारा म्हणतो, मी घेतला तसाच दिला.

नवा ११० घातल्यावर मात्र प्लग पांढरा, म्हणजे लीन, उंचीचा हिशोब खरा होता. टू-स्ट्रोक लीन पळवली तर पिस्टन जाम होतो, म्हणून एकदम १२० लावला आणि खाली येत ११८ वर थांबलो. प्लग आता चहाच्या रंगाचा, म्हणजे मिश्रण बरोबर.

हां, मिकुनीच्या षटकोनी जेटचे नंबर व्यासाचे नसतात, पेट्रोल किती जातं त्याचे असतात, तेव्हा मित्राच्या मिकुनीचा नंबर बघून केहिनला जेट आणू नका. आणि सुईवरचा कोडही वाचून घ्या, माझ्याने तेवढं अजून झालेलं नाही.