पीटर सॅलिस: आवाजावरून घडलेला चेहरा

रविवार, रात्री

आज 'द राँग ट्राउझर्स' हा बाहुल्यांचा लघुपट पुन्हा पाहिला आणि या वेळी मुद्दाम चित्राकडे कमी व त्यातल्या वॉलेस या मुख्य पात्राच्या आवाजाकडे अधिक लक्ष दिले. यांत्रिक विजारीत पाय अडकून घरातून आणि रस्त्यातून फरफटत नेला जात असतानाही हा गृहस्थ किंचाळत नाही. चहा गार झाल्याची तक्रार करावी इतपतच त्याचा स्वर वर चढतो. संकट मोठे आणि स्वर लहान, या विसंगतीतच सगळा विनोद आहे, आणि तो वॉलेसला आवाज देणारे इंग्लिश नट पीटर सॅलिस यांचा आहे. त्यांची ओळख सहसा 'वॉलेसचा आवाज' एवढ्यावरच आटोपली जाते. मला मात्र त्यांची संपूर्ण कारकीर्द म्हणजे स्वतः पुढे न सरसावता प्रसंग आपल्याकडे खेचून घेण्याचा दीर्घ अभ्यास वाटते.

सॅलिस यांचा जन्म 1921 साली लंडनजवळच्या ट्विकनहॅमचा. शाळा संपल्यावर ते बँकेत कारकुनी करू लागले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात भरती झाले खरे, परंतु प्रकृतीच्या कारणाने विमानात बसण्यास अपात्र ठरले आणि क्रॅनवेल येथे बिनतारी यंत्रणेचे शिक्षण देण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. तिथल्याच हौशी नाटकात त्यांना प्रमुख भूमिका मिळाली, आणि युद्ध संपल्यावर शिष्यवृत्तीवर 'राडा' या नाट्यशिक्षणसंस्थेत जाण्याइतका तो नाद पक्का झाला. व्यावसायिक रंगभूमीवर ते 1946 साली आले. पुढची पंचवीसेक वर्षे नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर दुय्यम भूमिकांची गेली. ब्रॉडवेवर शेरलॉक होम्सवरच्या 1965 च्या संगीतिकेत त्यांनी डॉक्टर वॉटसन साकारला. दुसऱ्याच्या बुद्धिमत्तेला साक्षीदार म्हणून उभे राहणारे हे पात्र त्यांच्याकडे आले, यात मला काहीच नवल वाटत नाही.

रॉय क्लार्क यांची 'लास्ट ऑफ द समर वाइन' ही मालिका 1973 साली सुरू झाली, तेव्हा सॅलिस पन्नाशी ओलांडून गेले होते. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या होमफर्थ गावात आणि आसपासच्या टेकड्यांवर चित्रित झालेली ही कथा उद्योग नसलेल्या तीन वयस्कर मित्रांची. बिल ओवेन यांचा काँपो म्हणजे मळक्या कपड्यांतला उपद्व्यापी. तिसरा मित्र नवनव्या योजना आखून इतरांवर हुकूम गाजवणारा, आणि हे तिसरे पात्र वर्षांगणिक बदलत गेले. मधे सॅलिस यांचा नॉर्मन क्लेग: लिनोलियम, म्हणजे जमिनीवर अंथरायचे आच्छादन, विकण्याच्या नोकरीतून मोकळा झालेला विधुर, बायकांना बिचकणारा, मोटार चालवायला घाबरणारा, आणि समोर जे चालले आहे त्यावर हलकेच एखादे वाक्य टाकून पुन्हा गप्प बसणारा. मालिका 2010 पर्यंत, 295 भाग चालली आणि या प्रत्येक भागात दिसलेला नट एकच, सॅलिस. मध्यंतरी याच पात्रांच्या तरुणपणावर आणखी एक मालिका निघाली, तेव्हा तर त्यांनी क्लेगच्या वडिलांचे काम केले, म्हणजे स्वतःच्याच पात्राचे ते बाप झाले! ज्याच्या वाट्याला धावपळ, पडझड किंवा आरडाओरडा फारसा नाही, असा माणूस सदतीस वर्षे विनोदी मालिका तोलून धरतो, ते ऐकण्याच्या कलेमुळे. क्लेग समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकतो, क्षणभर ते मनात घोळवतो आणि मगच बोलतो. हशा पिकतो तो त्या क्षणभराच्या थांबण्यावर.

मालिका ऐन भरात असताना, 1980 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, चित्रपटशिक्षण घेणाऱ्या निक पार्क नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना आपल्या प्लॅस्टिसिनच्या, म्हणजे मऊ मातीसारख्या पदार्थाच्या, बाहुल्यांच्या चित्रपटासाठी आवाज द्याल का, असे विचारले. सॅलिस यांनी होकार दिला आणि मोबदला म्हणून आपल्या आवडीच्या धर्मादाय संस्थेला 50 पौंड द्यावेत एवढेच सुचवले. पार्क प्रेस्टनचे, म्हणजे लँकेशायरचे, आणि वॉलेसची बोलीही तशीच असावी अशी त्यांची इच्छा होती. लंडनकडच्या सॅलिस यांना मात्र यॉर्कशायरचाच हेल जमत होता, म्हणून तोच राहिला. एकट्याच्या जिवावर चाललेले ते काम, 'अ ग्रँड डे आउट', पुरे व्हायला 1989 साल उजाडले.

या प्रकारच्या चित्रपटात आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि नंतर एकेका ध्वनीबरहुकूम बाहुलीचे तोंड बदलून एकेक चौकट टिपली जाते. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा 24 चौकटी लागतात. त्यामुळे नट जिथे श्वास घेतो तिथेच बाहुलीला थांबावे लागते, तो जिथे स्वर लांबवतो तिथे तिचे ओठही ताणावे लागतात. सॅलिस 'चीज' म्हणताना 'ई' असा काही रुंदावत की त्या उच्चाराला साजेसे तोंड करता करता वॉलेसचे गाल दोन्ही बाजूंना फुगले आणि दातांची ती प्रसिद्ध रुंद पंगत तयार झाली. वॉलेसचा सोबती असलेल्या ग्रॉमिट कुत्र्यालाही आधी आवाज द्यायचा बेत होता. तो पुढे रद्द झाला आणि केवळ भुवयांवर त्याचे भागले. याचा परिणाम असा की संवादाचा सगळा भार एकट्या सॅलिस यांच्यावर आला. उत्तर न देणाऱ्या जोडीदाराशी तासन्‌तास बोलायचे आणि तरी संभाषण दुतर्फा वाटले पाहिजे, हे काम किती अवघड असेल! 'द राँग ट्राउझर्स' आणि 'अ क्लोज शेव्ह' या दोन्ही लघुपटांना ऑस्कर मिळाले, 2005 च्या पूर्ण लांबीच्या चित्रपटालाही मिळाले, आणि वॉलेसच्या आवडीमुळे यॉर्कशायरच्या वेन्स्लीडेल चीजचा खपही वाढला.

उतारवयात मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाच्या, विकाराने सॅलिस यांची दृष्टी मंदावली. तरीही 2008 सालच्या 'अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ'मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, वॉलेस त्यांच्याच आवाजात बोलला. ते 2017 साली, शहाण्णव वर्षांचे होऊन गेले. पुढे बेन व्हाइटहेड यांनी ही जबाबदारी घेतली आणि 2024 च्या नव्या चित्रपटात ती चोख पार पाडली. नक्कल म्हणून त्यात खोट काढायला मला तरी जागा सापडली नाही. फरक जाणवतो तो वॉलेस स्वतःशीच पुटपुटतो तेवढ्यापुरता. तिथे सॅलिस यांचा स्वर वाक्याच्या शेवटी किंचित खाली सोडून दिल्यासारखा होत असे, आणि ती लकब क्लेगचीही होती.

'द विंड इन द विलोज'च्या 1980 च्या दशकातल्या बाहुल्यांच्या मालिकेत त्यांनी नदीकाठच्या उंदराला आवाज दिला आहे. डेव्हिड जेसन यांचा बेडूक त्यात नुसता धुमाकूळ घालतो आणि त्याला आवरण्याचे काम या उंदराकडे आहे. त्याचे दोनच भाग आजवर पाहिले आहेत, उरलेले या आठवड्यात पाहायचे ठरवले आहे.