जिम्नीची जिप्सी: मधले १४.४ मिलिमीटर

१ फेब्रुवारी

कपाटात प्लास्टिक मॉडेलचे न उघडलेले अकरा किट पडून आहेत. त्यातला एखादा काढावा आणि कागदावर दाखवलाय तसा गुमान बांधावा, हे शहाणपणाचं. मी मात्र सगळ्यात नवा काढला. हासेगावा या जपानी कंपनीचा जिम्नी जीपचा, जेए११, खऱ्या गाडीच्या १/२४ मापाचा. काढला आणि दरवाजा संपतो तिथून बॉडीभोवती पेन्सिलीने एक रेघ मारली. उद्या त्या रेघेवरून करवत.

हा किट घेताना घरी सांगितलं होतं की आता नाही घेतला तर पुढं आणखी महाग होईल. हे काही अगदीच थाप नव्हती. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून एकदम ६० वर गेलं, २०२३ ला ७०. सरकारी कागदात स्केल मॉडेलही खेळण्यातच मोडतं. घरचं मतही तेच आहे, त्यामुळं तिथं वाद घालता येत नाही.

करवत कशाला, तर मला जिप्सी पाहिजे. आपली मारुती जिप्सी, १९८५ पासूनची. तिचा प्लास्टिकचा किट आजवर माझ्या पाहण्यात आलेला नाही. पण जिप्सी म्हणजे सुझुकीच्या जिम्नीचंच लांब भावंड. खाली तीच शिडीसारखी चासी, चारी चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा आणि स्टिअरिंगही उजवीकडंच, त्यामुळं डॅशबोर्ड उलटा करायचा ताप नाही. फरक व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा. जिम्नीचा २०३० मिमी, जिप्सीचा २३७५. मधले ३४५ भागिले २४ म्हणजे १४.४ मिमी. एवढं वाढवायचं दरवाजा आणि मागच्या चाकाच्या मध्ये. एकूण लांबीतला फरक ७१५ मिमीचा, म्हणजे मॉडेलवर जवळजवळ ३० मिमी. त्यातले १४.४ इथं गेले, उरलेले मागच्या चाकाच्या पलीकडं आणि बंपरांत. रुंदी पहिल्या जिप्सीची १४६०, जेए११ ची १३९५. दोन्ही बाजूंना चाकांवर सव्वा-दीड मिमी जाड कमानी चिकटवल्या की भागतं.

रिमचा हिशोबही केला. जिम्नीची १६ इंची, जिप्सीची १५. स्केलमध्ये १ मिमी. तो मी सोडून दिला.

२ फेब्रुवारी

कापली. पत्त्यासारखी पातळ करवत, दात बारीक, आणि रेघेवर टेप डकवून तिच्या कडेनं. अर्धा तास लागला. तुकडे ताटात ठेवले तेव्हा आई डोकावली. "चांगली गाडी काय कापायलास रे?" मी म्हटलं मोठी करायचीय. ती म्हणाली, "मग मोठीच आणायची की."

९ फेब्रुवारी

औशाला एका निवृत्त गृहस्थांकडं जुनी जिप्सी आहे. टेप घेऊन गेलो. त्यांनी चहा पाजला आणि माझ्यापेक्षा जास्त मापं त्यांनीच घेतली. मागच्या बाकड्याची उंची, हूडच्या म्हणजे ताडपत्रीच्या छताच्या पायपांची जाडी, स्टेपनीचा नट, सगळं. पाईप २० मिमीच्या आसपास निघाला, म्हणजे आपल्याला ०.८ मिमीची तार बरोबर बसते.

येताना जाणवलं, याच रस्त्यावर मी पहिली जिप्सी पाहिली होती. ३० सप्टेंबर १९९३ नंतरच्या त्या दिवसांत. मी आठ वर्षांचा. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे किल्लारीची जमीन हलली. नंतर औशावरून लष्कराच्या गाड्या जायला लागल्या, बहुतेक मोठे ट्रक. त्यात मध्येच एक छोटी, हिरवी, ताडपत्रीची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. जवानानं पाणी मागितलं. माझ्या काकूनं तांब्या दिला. मी सगळा वेळ गाडीच्या पुढच्या जाळीकडं बघत होतो. म्हणून ही जिप्सी हिरवीच होणार.

२३ फेब्रुवारी

चासी जोडून झाली. हे काम सांगण्यासारखं आहे. फक्त टोकाला टोक चिकटवलं तर पहिल्या धक्क्याला मोडणार. म्हणून चारही तोंडांत ०.८ चं ड्रिल हातानं फिरवून पितळी तारेच्या खुंट्या बसवल्या. तार गंजगोलाईतून आणली. सोळा रस्ते फुटतात तिथून, आणि मला पाहिजे ते दुकान कायम पंधरा रस्ते हिंडल्यावर सापडतं. प्रॉपेलर शाफ्टला इंजेक्शनच्या सुईची नळी.

सरळ आहे का हे डोळ्यानं कळत नाही. फरशीचा सपाट तुकडा घेतला, त्यावर आलेखाचा कागद डकवला आणि चासी त्यावर ठेवून चिकटवली. सुकल्यावर चाकं लावून प्रत्येक चाकाखाली वहीच्या कागदाची पट्टी सरकवली. तीन चाकांखाली पट्टी अडकली, मागच्या डाव्याखालून आरपार गेली. कागदाच्या जाडीइतकंच चाक हवेत, पण एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही. तो जोड कोमट पाण्यात धरून पिळला. आता चारही अडकतात.

८ मार्च

बॉडीच्या मधल्या जागेत १ मिमीची स्टायरीन शीट बसवली, किटचं प्लास्टिकही स्टायरीनच. इथले बरेच जण फ्लेक्सवाल्याकडचा सनबोर्ड नाहीतर जुनं एटीएम कार्ड वापरतात. कार्डाची जाडी ०.७६ मिमी, झकास आहे, पण ते पीव्हीसी. हिरव्या टोपणाचं टॅमियाचं एक्स्ट्रा थिन हे चिकटद्रव्य त्याला विरघळवत नाही, फेविक्विकच लागतं, आणि मग घासताना जोड एकीकडं टणक नि दुसरीकडं मऊ लागतो. जिथं लांबी (पुट्टी) भरून घासायचंय तिथं स्टायरीनला स्टायरीनच बरं.

एक्स्ट्रा थिन लावताना एक चूक मी अजून करतो. ते ब्रशनं फटीच्या तोंडाला टेकवलं की आपोआप आत पळतं. फटीवर बोट असेल तर बोटाखालीही पळतं. उजव्या दरवाजावर माझ्या अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उठला की त्यावर आधार कार्ड निघालं असतं.

फटी भरायला विकतची पुट्टी नाही वापरली. किटच्याच स्प्रूचे, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना लागून येतात त्यांचे, तुकडे बारीक चिरून चिकटद्रव्याच्या अर्ध्या बाटलीत टाकले. रात्रभरात काकवीसारखं झालं. तीच भरली. सुकल्यावर ते किटचंच प्लास्टिक, त्याच कडकपणाचं, त्यामुळं घासताना खड्डा पडत नाही. तोटा एकच, लई हळू सुकतं.

१६ मार्च

हळू सुकतं हे लिहूनही मी चारच दिवसांत घासायला बसलो. प्रायमर मारला, छान दिसलं. चार दिवसांनी जोडाची रेघ खालून वर आली, जुन्या भिंतीतल्या ओलीसारखी.

औसा रोडला एक डेंटिंग-पेंटिंगवाले चाचा आहेत. खऱ्या गाड्या दुरुस्त करतात, माझी बॉडी तळहातावर घेऊन गंभीरपणे बघितली. म्हणाले, "सर, लांबी आतून आकसायलीय अजून. तिला सुकू द्या की. आमच्याकडं बी घाई केली तर गाडी गिऱ्हाइकाच्या दारात गेल्यावर रेघ वर येती." मग त्यांनी त्यांची युक्ती सांगितली. लांबीवर लांबूनच काळ्या रंगाचा हलका शिडकावा करायचा आणि वॉटर पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासायचा. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खड्ड्यातला राहतो. जिथं काळं राहिलं तिथंच पुन्हा भरायचं. मी इतकी वर्षं बोटानं चाचपून अंदाज घेत होतो.

२२ मार्च

आज काही नाही. बॉडी सुकत ठेवली. खरोखर ठेवली.

५ एप्रिल

४००, ६००, १००० असा वॉटर पेपर. घासायचं पाण्यात, नाहीतर पेपर भरतो आणि ओरखडे उठतात. लातूरमध्ये एप्रिलात छंदासाठी पाणी म्हटलं की घरात सगळेच एकदम गप्प होतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी मॉडेलला हात लावला नव्हता, लाज वाटत होती. आता आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवतो. एक वाडगा पाणी, तळाला गाळ बसू द्यायचा, वरचं निथळून पुन्हा तेच. घासायला ते चालतं. मग तीच करडी बादली तुळशीला नको म्हणून आईची ताकीद आहे, ती मोरीत जाते.

१२ एप्रिल

गोंधळ झाला. प्रायमर संपला होता. डबीत तळाशी घट्ट राहिलेला होता, तो पातळ करायला बाजारातून आणलेलं एनसी थिनर ओतलं. ते खऱ्या गाडीच्या पत्र्यासाठी असतं. बॉनेटवर दोन हात मारले आणि दहा मिनिटांत तळं आटल्यावर पडतात तशा बारीक भेगा. उघड्या स्टायरीनला ते थिनर खातं, हे मला माहीत होतं. एअरब्रश धुवायला मी तेच वापरतो आणि इतरांना सांगतही असतो. दुकानदाराचा काही दोष नाही, त्यानं मागितलेलं दिलं.

बॉनेट खरवडून पुन्हा काकवी, पुन्हा थांबणं. मधल्या रेघा बुजल्या त्या ब्लेडच्या पाठीनं परत कोरल्या.

३ मे

रंग. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा सगळा वेळेचा खेळ आहे. दुपारी ४१-४२ अंशाला लॅकर मारलं तर थेंब बॉडीवर पोचायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. लांबून मारायची सवय असेल तर जास्तच. मी पहाटे साडेपाचला उठतो, सहा ते सात रंगवतो, वारा सुटायच्या आत बंद. थिनरमध्ये सुकणं लांबवणारं रिटार्डर असलेलं लेव्हलिंग थिनर. जवळून, पातळ, ओले हात.

पावसाळ्यात उलट. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी साय येते. ही साय मला यंदा मे महिन्यातच दिसली आणि मी चक्रावलो. बाहेर एवढी कोरडी हवा! मग लक्षात आलं, खोलीत कूलर चालू होता. ओली हवा आणि वाळ्याचे तंतू, दोन्ही थेट बूथकडं. बूथ म्हणजे फ्रिजचं खोकं आणि त्याला बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा, तो ओढूनच घेत होता. आता रंगवताना कूलर बंद. बायकोनं एवढंच विचारलं की हा तासभर तुमचा आहे की आमचाही.

रंगासाठी टॅमियाचं एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब. ते तपकिरीकडं झुकतं, म्हणून त्यात एक्सएफ-५ हिरवा थोडा थोडा घालत गेलो. किती, ते लिहून ठेवलं नाही. छोटी बाटली भरून ठेवलीय, ती संपली की संपली.

१८ मे

हूड. हा भाग मला सगळ्यात आवडला. पितळी तारेच्या कमानी वाकवून फेविक्विकनं बसवल्या. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळलं, टिश्यू पेपरचा एक पदर सोलून घेतला, कमानींवर अंथरला आणि मऊ ब्रशनं त्या पाण्यानं भिजवला. ओला असताना तो कमानींच्या मध्ये किंचित झोळतो, खऱ्या ताडपत्रीसारखाच. पहिला पदर सुकल्यावर दुसरा. दुसऱ्याच्या कडा दुमडल्या तर शिवण दिसते. खिडक्यांच्या जागी पुस्तकांना घालायच्या कव्हरचं प्लास्टिक. पट्टे मास्किंग टेपचे, अर्धा मिमी रुंद कापलेले. त्याच्या बकला केल्या नाहीत, डोळे राहिले नाहीत.

एरियलसाठी स्प्रू मेणबत्तीवर फिरवून मऊ केला आणि एकदम ओढला. केसाएवढा बारीक. चार तुटले, पाचवा राहिला.

७ जून

नंबर. लष्करी गाडीच्या नंबरात आधी वर तोंड केलेला बाण, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. अक्षरं पांढरी, पाटी काळी. घरचा इंकजेट पांढरा छापत नाही, म्हणून पांढऱ्या डिकल पेपरवर, म्हणजे भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांच्या कागदावर, फक्त काळी पार्श्वभूमी छापली आणि अक्षरांची जागा कोरी सोडली. वरून क्लिअर वार्निशचे तीन हात, नाहीतर पाण्यात शाई सुटते. मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकून चंदेरी दिसतं, त्यामुळं तेवढ्या जागी आधी ग्लॉस.

पहिला डिकल बोअरच्या पाण्यात भिजवला. बसला छान. सकाळी भोवती पांढरी कड, बादलीच्या काठावर धरते तशीच क्षाराची. पुसून गेली नाही, कारण थोडी डिकलच्या खालीही होती. सोलून टाकला. दुसऱ्यासाठी गॅरेजमधून बॅटरीत घालायचं बिनक्षाराचं पाणी आणलं, एक बाटली, वाटीत तीन चमचे. आकडे ९२. बंपरवर सरकवला, कापसाच्या काडीनं मधून बाहेर पाणी दाबत गेलो.

रात्री साडेअकरा. बाहेर वीज चमकायलीय, हवेत ओल आहे, म्हणजे मॅट कोट आज नाही. डिकल सुकतोय. आरसे आणि स्टेपनी राहिलीत.